त्या रकान्यात ‘मराठी’च लिही

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. तुझे प्रश्न पुन्हा मांडते, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही. नवऱ्याची बदली टेक्सासमधल्या डॅलसला होते आहे. मुलगी सांगलीत मराठी माध्यमात तिसरीत आहे, धाकटा चारचा होईल. इथल्या शाळा फुकट असतात म्हणतात, मग जो तो घरपट्टीबद्दल का बोलतो? दहापैकी दहा गुण मिळालेल्या शाळेच्या हद्दीत महाग भाड्याचं घर घ्यावं का? मराठी माध्यमामुळे मुलीचं अडेल का? आणि पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात, ‘तिथे एकटं वाटतं का हो?’

व्हिसाचे कागद, प्रवेशाला काय काय लागतं, हे मी लिहीत नाही. ते सरकारी पानांवर नीट दिलेलं असतं. फक्त एक सांगते. हेपटायटिस ए आणि कांजिण्यांच्या लशी आपल्या सरकारी वेळापत्रकात नसतात म्हणून राहून जातात, आणि इथे त्या मागतात. तिथेच टोचून घे आणि डॉक्टरांकडून तारखांसकट इंग्रजीत लिहून आण.

एकटं वाटतं. पहिल्या वर्षी जास्त, मग कामाच्या रेट्यात कमी. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

शाळेच्या पैशाबद्दल मात्र मी लांबलचक लिहिणार आहे. तुझा मराठी माध्यमाचा प्रश्न वाचल्यापासून मला दोन रात्री झोप लागलेली नाही, आणि त्या प्रश्नाचं उत्तर या पैशाच्या हिशेबातच आहे.

माझे वडील कऱ्हाडजवळच्या एका अनुदानित हायस्कुलात शिक्षक होते. मे संपत आला की ते आणि त्यांचे दोन-तीन सहकारी सायकली काढून वाड्यावस्त्यांवर फिरायचे. सातवी झालेलं पोर कोणाकडे आहे, ते दुसऱ्या शाळेत तर जात नाही ना, पोरीला घरी बसवत नाहीत ना. पट टिकला नाही तर तुकडी जाणार, तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, आणि मग समायोजनात पन्नास मैलांवर कुठेतरी. संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होणं, हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकलेला आहे. त्यामुळे शाळा आणि सरकारी अनुदान यांचं नातं मला नवीन नव्हतं. टेक्सासमध्ये ते आणखी कडक निघालं. इथे नुसता पट पुरत नाही, रोजची हजेरी मोजतात.

राज्य दर मुलामागे वर्षाला एक मूळ रक्कम धरतं. आम्ही आलो ते २०१९ साल. त्याच जूनमध्ये ती ५,१४० वरून ६,१६० डॉलर झाली होती आणि नंतर सहा वर्षं तिथेच थांबली. दूध, वीज, बसचं डिझेल सगळं महागलं, ती रक्कम हलली नाही. २०२३ मध्ये राज्याच्या तिजोरीत ३२ अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक होती, तरीही नाही. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांना शाळांचा निधी वाढवणाऱ्या विधेयकातच खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा हवा होता. त्यांच्याच पक्षाच्या २१ आमदारांनी, त्यांतले बहुतेक ग्रामीण भागातले, ती तरतूद काढून टाकायला मत दिलं आणि सगळंच अडकलं. २०२५ मध्ये अखेर दोन्ही झालं. खासगी शाळांसाठी १ अब्ज डॉलरची योजना आली आणि सरकारी शाळांसाठी साडेआठ अब्जांच्या आसपासचं वेगळं विधेयक आलं. पण मूळ रक्कम वाढली फक्त ५५ डॉलरनी. बाकीचा पैसा शिक्षकांचे पगार वगैरे ठरवून दिलेल्या कामांना बांधलेला आहे, दुसरीकडे वळवता येत नाही.

आता हजेरी. शाळा रोज एका ठरलेल्या वेळी हजेरी घेते. त्या क्षणी मूल वर्गात असलं तर त्या दिवसाचे पैसे, नसलं तर नाही. वर्षाचे साधारण १७५ दिवस धरलेस तर एका मुलाच्या एका दिवसाचे ३५ डॉलर होतात. म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी मुलाला आधी किंवा नंतर शाळेत आणा, असं ऑफिसातल्या बायका जीव तोडून सांगतात. त्याच दिवशी मूल शाळेत आलं आणि डॉक्टरची चिठ्ठी दिली तर त्याला हजर धरतात. धार्मिक सणाचंही तसंच. गणेश चतुर्थीला, दिवाळीला आधी लेखी कळव, ती रजा हजेरीतच मोजली जाते, शाळेचं नुकसान होत नाही. नागरिकत्वाची शपथ घ्यायला गेलेलं मूलसुद्धा कायद्याने हजर असतं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीवर थांबले होते. आपल्यासारख्यांना ती शपथ किती वर्षांनी मिळणार, मिळणार की नाही, हे तुला तुझ्या नवऱ्याच्या कंपनीतले लोक सांगतीलच.

लग्नासाठी, बारशासाठी तीन-चार आठवडे गावी जाण्याला मात्र काही सवलत नाही. २०२३ च्या जानेवारीत वडील आजारी पडले तेव्हा मी लेकीला घेऊन चार आठवडे कऱ्हाडला होते. तिथे असतानाच शाळेचं पत्र आलं, विनापरवाना गैरहजेरीबद्दल, कायद्याची कलमं घालून. असं पत्र पाठवणं शाळेला बंधनकारक असतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा माझे हात थरथरले. वडिलांनी काय आहे विचारलं, मी वाचून दाखवलं आणि हजेरीचा हिशेबही सांगितला. ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, ‘दिवसाचे पस्तीस, म्हणजे वीस दिवसांचे सातशे डॉलर. अगं, मग पोरीला कशाला आणलंस?’ जन्मभर पट सांभाळलेला माणूस. त्यांना नातीचं तोंड बघून आनंद झाला नव्हता असं नाही, पण शाळेचं नुकसान त्यांना खरंच लागलं. मार्चमध्ये ते गेले, तेव्हा मी एकटीच गेले.

घरपट्टीकडे येते. स्कूल डिस्ट्रिक्ट ही इथे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी, महापालिकेपासून स्वतंत्र संस्था आहे. तिचं मंडळ लोक निवडून देतात आणि ती स्वतः कर लावते. शहराची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द एक असेलच असं नाही. पत्त्यावर प्लेनो असेल आणि शाळा फ्रिस्को किंवा लुइसव्हिल डिस्ट्रिक्टची निघेल. घर बघताना दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, डिस्ट्रिक्टच्याच नकाशात इमारतीचा पत्ता घालून बघ. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून घरपट्टी जड असते आणि तिचा सगळ्यात मोठा तुकडा शाळेचा असतो. आमच्या भागात घराच्या किमतीच्या शंभर डॉलरमागे साधारण एक डॉलर. स्वतःच्या राहत्या घरावर सूट आहे, २०२३ मध्ये ती ४० हजारांवरून १ लाख झाली आणि २०२५ मध्ये १ लाख ४० हजार. घर घेतलंत तर ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता आधी बदलून घ्या, नाहीतर या सवलतीचा अर्ज परत येतो. आमचा दोनदा परत आला. लायसन्स व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं, व्हिसाची मुदतवाढ अडकलेली, त्यामुळे नवा पत्ता पडेना आणि पत्त्याशिवाय सूट मिळेना. त्या वर्षी आम्ही पूर्ण कर भरला. भाड्याच्या घराला ही सूट नसतेच, तेव्हा तू भाड्याने राहिलीस तरी शाळेचे पैसे तुझ्या भाड्यातून जातातच. ‘आम्ही कर भरत नाही, आम्ही काय बोलणार’ असं शाळेत कधी वाटून घेऊ नकोस.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट अशी, की घरं महाग झाली म्हणून शाळेला जास्त पैसे मिळत नाहीत. घरपट्टी जितकी जास्त जमते तितका राज्य आपला हिस्सा कमी करतं, आणि एका मर्यादेपलीकडे जमलेली रक्कम काढूनच घेतं. लोक याला रॉबिन हूड म्हणतात. त्यामागे मोठी गोष्ट आहे. सॅन अँटोनिओतल्या एजवूड या गरीब वस्तीतल्या मुलांनी १९६८ मध्ये शाळा सोडून मोर्चा काढला होता, शिक्षक नाहीत, इमारती पडक्या. तिथल्या पालकांनी खटला भरला. दिमित्रिओ रॉड्रिगेझ हे त्यांतलं पहिलं नाव. त्यांच्या शाळांत एका मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च व्हायचे आणि त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये ५९४. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला, शिक्षणाचा समान खर्च हा देशाच्या घटनेतला हक्क नाही म्हणून. मग एजवूड राज्याच्या न्यायालयात गेलं आणि १९८९ मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टांचा जादा पैसा राज्याकडे जातो. आमच्या भागातले आपलेच लोक पार्ट्यांमध्ये याला लूट म्हणतात. मी ते ऐकून घेत नाही. एजवूडची मुलं कऱ्हाडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांहून मला वेगळी वाटत नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. जमा केलेला हा पैसा शाळांवरच्या राज्याच्या खर्चात जिरतो, त्यामुळे राज्याचं स्वतःचं ओझं हलकं होतं आणि मूळ रक्कम सहा वर्षं तशीच ठेवणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट दोन खिशांची. घरपट्टीच्या बिलावर शाळेच्या कराचे दोन भाग असतात. एक रोजच्या खर्चाचा, म्हणजे पगार, वीज, पुस्तकं. दुसरा कर्जफेडीचा, म्हणजे लोकांनी मतदान करून मंजूर केलेल्या रोख्यांचा. दुसऱ्या खिशातले पैसे पहिल्यात घालता येत नाहीत, कायदाच आहे. आमच्या शेजारच्या अॅलनमध्ये २००९ साली ११९ दशलक्ष डॉलरचे रोखे मंजूर झाले, त्यातून ६० दशलक्षांचं, अठरा हजार प्रेक्षकांचं फुटबॉलचं स्टेडियम २०१२ मध्ये उभं राहिलं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले, बंद करून दुरुस्त करावं लागलं. आल्या आल्या ते बघितलं तेव्हा मला राग आला होता, शाळेत शिक्षक पुरत नाहीत आणि हे काय. आता रागाची जागा बदलली आहे. स्टेडियम नसतं तरी त्या पैशातून एक शिक्षिका नेमता आली नसती. ज्या खिशातून ती नेमतात तो राज्याच्या हाती आहे, तिकडे राजधानीत, ऑस्टिनमध्ये. प्लेनो डिस्ट्रिक्टने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. मुलं कमी झाली, आणि या खिशात पैसे नव्हते.

फुकट शाळेत खिशातून काय जातं तेही सांगते. ऑगस्टमध्ये सामानाची यादी येते, पेन्सिली, वह्या, टिश्यूचे डबेसुद्धा. शाळा सुरू व्हायच्या आधी एका शुक्रवारपासून रविवारपर्यंत पेन्सिली, वह्या अशा सामानावर विक्रीकर नसतो, तेव्हा घे. आणि घर शाळेपासून दोन मैलांच्या आत असेल तर बसचे पैसे सहसा राज्य देत नाही, म्हणून बरेच डिस्ट्रिक्ट बस देत नाहीत. दोन मैल ऐकायला कमी वाटतात. ऑगस्टच्या उन्हात आठ वर्षांच्या मुलीबरोबर चालून बघ. आमच्याकडे तेव्हा एकच गाडी होती आणि ती नवरा न्यायचा.

आता दहापैकी दहाचं. ते गुण बहुतांशी परीक्षेच्या निकालावर असतात आणि परीक्षेचे निकाल बहुतांशी आईबापांच्या कमाईवर. ज्या शाळेत गरीब घरची मुलं जास्त, तिथे केंद्राचं टायटल वन अनुदान येतं, राज्याचं जादा अनुदान येतं. ज्या शाळेत इंग्रजी शिकणारी मुलं जास्त, तिथे ती भाषा शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका असतात, पूर्ण वेळ. दहा गुणांच्या शाळेत त्या असतीलच असं नाही. तुझी मुलगी तिसरीत आहे आणि मराठी माध्यमातून येते आहे. तिला आधी गुणांची शाळा नको, इंग्रजी शिकवणारी माणसं असलेली शाळा हवी. मला हे कोणी सांगितलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी विचारलंच नाही.

माझी लेकसुद्धा आली तेव्हा तिसरीत जाणार होती. साताऱ्यात मराठी माध्यमात, आणि तेही आम्ही ठरवून. तिथे मी लोकांना मातृभाषेतलं शिक्षण पटवून द्यायची. प्रवेशाच्या कागदांत एक पान असतं, घरातल्या भाषेची पाहणी. त्या वेळी त्यावर दोन प्रश्न होते. घरात बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतात? मूल बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतं? आदल्या आठवड्यात एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो होतो, तिथे दोन-तीन जणींनी बजावलं होतं, मराठी लिहू नकोस, मग पोरीला ‘इएसएल’मध्ये, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवतात त्या वर्गात टाकतात, वर्गातून बाहेर काढून नेतात, शिक्का बसतो, हुशार मुलांच्या वर्गात कधी घेत नाहीत. तेव्हा कायद्यात अशा मुलांसाठी शब्दही ‘मर्यादित इंग्रजी’ असाच होता. २०२१ मध्ये तो बदलून उमलत्या द्विभाषिक मुलांसारखा काही केला. मला तो ‘मर्यादित’ टोचला. पेन हातात होतं, काउंटरमागची बाई वाट बघत होती. दोन्ही रकान्यांत मी ‘इंग्लिश’ लिहिलं.

तिला त्या दिवशी इंग्रजीत धड वाक्य बोलता येत नव्हतं.

त्या पानाचं काय होतं ते मला नंतर कळलं. दुसरी भाषा लिहिली असती तर तिची इंग्रजीची चाचणी झाली असती. गरज दिसली तर शाळेची एक समिती बसून तिच्यासाठी कार्यक्रम ठरवते, त्याला पालकांची संमती लागते, आणि नको असेल तर पालक नाही म्हणू शकतात. म्हणजे मला ज्याची भीती घातली गेली त्याला नकार द्यायचा अधिकार माझ्याकडे होताच. दरवर्षी तिचं बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं तपासलं गेलं असतं. आणि तिच्यामागे शाळेला मूळ रकमेच्या दहा टक्के जास्त मिळाले असते, म्हणजे ६१६ डॉलर, ज्यातले किमान ५५ टक्के याच कामावर खर्च करायचं बंधन आहे. ‘इंग्लिश’ लिहिल्यावर यातलं काहीच सुरू होत नाही. कोणी चुकत नाही, कोणी नाकारत नाही. मोजणीत ती मुलगी नसतेच.

पहिले दोन महिने ती काही बोलली नाही. पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायची. मी म्हणायची, विसरते. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा रात्री तिने सांगितलं की ती पाणी पीत नाही, कारण प्यायलं की जावं लागतं आणि विचारलेलं बाईंना कळत नाही. तिने साताऱ्यात पाठ केलेलं वाक्य इथे कोणी वापरत नाही. एकदा विचारलं, मुलं हसली, मग तिने पाणीच सोडलं. आठ वर्षांची मुलगी साडेसात तास.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि तो कागद बदलायचा आहे म्हणाले. मुदत गेली होती. चूक दुरुस्त करायची तर प्रवेशापासून दोन आठवड्यांच्या आत आणि मुलाची चाचणी व्हायच्या आधी, असा राज्याचा नियम आहे, आणि पहिला भरलेला कागदच पुढे प्रत्येक शाळेत मुलाबरोबर जातो. ऑफिसातली बाई प्रेमळ होती. तिने मला पाणी दिलं, वर्गशिक्षिकेला सांगते म्हणाली. वर्गशिक्षिकेने एक चित्रांचं कार्ड करून दिलं, बोट ठेवलं की झालं. त्यांनी जमेल ते केलं. पण ज्या शिक्षिकेचं ते काम होतं ती दोन शाळांत अर्धी अर्धी वाटलेली, आणि तिच्या यादीत माझी लेक नव्हती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीची राज्याची परीक्षा रद्द झाली, तिसरीतली तिची पहिलीच परीक्षा. पुढचं वर्ष पडद्यासमोर गेलं, आवाज बंद, कॅमेरा बंद. शिक्षिकेला वाटायचं लाजाळू आहे. तिला इंग्रजी येत नाही, हे दाखवणारा एकही कागद त्या दोन वर्षांत तयार झाला नाही. आणि घरी मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले होते. तीही माझी चूकच. माझं इंग्रजी तिला शिकवण्याइतकं नव्हतं आणि तिची मराठी बिचकायला लागली. एकटं वाटतं का, हे तू मला विचारलंस. ते तिला विचारायला हवं होतं, आणि त्या दोन वर्षांत मी विचारलं नाही.

पाचवीत तिला मदत मिळाली, तीही पैशाच्या एका अपघाताने. केंद्राने २०२१ मध्ये महामारीची मदत म्हणून देशभरच्या शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले आणि डिस्ट्रिक्टांनी त्यातले किमान २० टक्के मागे पडलेल्या मुलांवरच खर्च करायचे अशी अट घातली. त्यातून आमच्या शाळेत वाचन घेणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना घरच्या भाषेचा कागद बघायचा नव्हता, मूल मागे आहे एवढं पुरेसं होतं. चार मुलांना घेऊन त्या रोज अर्धा तास बसायच्या. डिसेंबरात लेकीने मला एक गोष्ट अखंड वाचून दाखवली. ते पैसे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत करारात बांधायचे होते. त्या उन्हाळ्यात बाईंचं पद गेलं. निरोपाला आम्ही दोघी गेलो होतो.

२०२२ च्या जूनमध्ये डिस्ट्रिक्टच्या अर्थसंकल्पावर सुनावणी होती. मतदानाचा हक्क आपल्याला नाही, पण बोलायचा आहे, नाव नोंदवून तीन मिनिटं. मी चार दिवस लिहून पाठ केलं. इंग्रजी शिकवणारी शिक्षिका अर्धी का, एवढी परदेशी मुलं असताना पूर्ण का नाही, असं विचारलं. आवाज चढला होता. नंतर बाहेर हिशेब विभागातले एक गृहस्थ स्वतःहून भेटायला आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की पद नोंदलेल्या मुलांवर ठरतं, आणि त्या शाळेतून अशी मुलं फारच थोडी नोंदली गेली आहेत. मग आपुलकीने विचारलं, तुमची मुलगी कोणत्या वर्षी त्या कार्यक्रमातून बाहेर पडली? मी म्हटलं, ती कधी आत गेलीच नाही.

गाडीत बसून मी हिशेब केला. त्या शाळेत घरी तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी बोलणारी कितीतरी मुलं होती. मी नंतर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी ‘इंग्लिश’ लिहिलं होतं. माझे वडील सायकलवरून फिरून एकेक मूल पटावर आणायचे, आणि मी माझ्या मुलीचं नाव माझ्या हाताने यादीबाहेर ठेवलं. हे मी त्यांना सांगितलं नाही. जानेवारीत सांगायचं मनात होतं, पण त्यांनी सातशे डॉलरचं म्हटलं आणि मग माझ्याने झालं नाही.

तेव्हा तुझ्या मुलीचं अडेल का? काही महिने अडेल, आणि ते अडणं कागदावर दिसू दे. चाचणी होऊ दे. ‘इएसएल’मधली मुलं हुशार मुलांच्या वर्गातही असतात, मी डोळ्यांनी बघितलेली आहेत. वर्गात लागणारी दहा-बारा वाक्यं इथे जशी म्हणतात तशीच तिला विमानात पाठ करून घे, पहिलं बाथरूमला जायचं. आणि घरी मराठीच बोला.

धाकट्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण तिथेच तुझा मोठा फायदा आहे. इथे शाळेआधीच्या वर्गाला, प्री-केला, सगळ्यांना फुकट प्रवेश नसतो. गरीब घरं, सैनिकांची मुलं, अशा काही गटांनाच असतो. त्यातला एक गट म्हणजे इंग्रजी न समजणारी, न बोलणारी मुलं. तुझा मुलगा फक्त मराठी बोलतो म्हणून त्याला तो वर्ग फुकट मिळू शकतो. बाहेरचं पाळणाघर इथे महिन्याला हजार डॉलरच्या वर जातं. लोक तुला सांगतील, यायच्या आधी त्याला इंग्रजी शिकव. नको शिकवू.

कोणाकडे पाहुणे म्हणून उतरणार असाल तर रहिवासाचा पुरावा म्हणून त्या घरमालकाचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्यांना आधीच विचारून ठेव. दोघांचे जन्मदाखले मराठीत असतील तर नगरपालिकेतून इंग्रजी प्रत काढ, त्यांना वेळ लागतो. धाकट्याची जन्मतारीख मला कळव. १ सप्टेंबरला किंवा त्याआधी त्याला चार पूर्ण होत असतील तर याच वर्षी घेतील, नाहीतर तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग कुठल्या शाळेत आहे ते मी इथून बघून ठेवते.